गाडी आतून साफ करताना काय जपायचं? अनुभव आणि माहिती इथे लिहा

तिसरा गिअर

गाडी बाहेरून धुणं, पॉलिश, वॅक्स यांवर उदंड चर्चा होते. आतल्या सफाईचा विषय निघाला की मात्र "अगदी नवीकोरी दिसते" यापुढे कुणी जात नाही. मला इथे वेगळ्या बाजूने बोलायचं आहे. अपघाताच्या क्षणी आपला जीव ज्या गोष्टींच्या भरवशावर असतो, म्हणजे सीटबेल्ट, एअरबॅग, पायाखालचे पेडल आणि समोरची स्वच्छ काच, त्या सगळ्या केबिनमध्येच असतात. सफाईच्या नावाखाली आपण नेमकं त्यांनाच घासतो, भिजवतो आणि चकचकीत द्रव्यांनी माखतो. त्यामुळे आतली सफाई हे दिसण्यापेक्षा सुरक्षिततेचं काम आहे असं माझं ठाम मत आहे.

माझी पद्धत सांगतो. गाडी सावलीत आणि थंड झालेली असली पाहिजे. तापलेल्या प्लास्टिकवर कुठलंही द्रव क्षणात वाळतं, डाग सोडतं आणि त्याची वाफ थेट नाकात जाते. चारही दरवाजे उघडे, इंजिन बंद. बटण-स्टार्ट गाडी असेल तर चावी गाडीपासून लांब ठेवायची, म्हणजे फडकं फिरवताना चुकून काही सुरू व्हायला नको.

आधी कोरडं, मग ओलं. वरून खाली. एसीच्या जाळ्या मऊ ब्रशने झाडायच्या आणि दुसऱ्या हातात व्हॅक्युमचं तोंड जवळच धरायचं. डॅशबोर्डसाठी पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब, मायक्रोफायबरचं फडकं घट्ट पिळून घ्यायचं, नंतर साध्या पाण्याचं फडकं, मग कोरडं. फवारा मारायचाच तर फडक्यावर, डॅशबोर्डवर कधीच नाही. बटणांच्या फटीतून गेलेलं पाणी मागच्या सर्किटपर्यंत पोचतं आणि ते पुसायला आपला हात तिथे जात नाही.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. डॅशबोर्ड चमकवणारी सिलिकॉनयुक्त द्रव्यं वापरू नका. उन्हात त्या चमकेचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि रस्ता धूसर होतो. स्टीअरिंग, गिअरची मूठ, हँडब्रेक आणि पेडल यांना तर ते बोटभरही लागता कामा नये. ब्रेकवरून पाय घसरायला एवढंसं निमित्त पुरतं.

सीट आणि बेल्टबद्दल जाणकारांनी लिहावं.

निळी छत्री

चांगला धागा. काचांबद्दल मी लिहिते.

समोरच्या काचेला आतून जो धुरकट थर येतो, तो नुसती धूळ नसतो. उन्हात तापलेल्या प्लास्टिकमधून आणि विनाइलमधून बाहेर पडणारी द्रव्यं थंड काचेवर जाऊन बसतात. दिवसा ते जाणवत नाही. रात्री समोरून हेडलाइट आला की सगळी काच पांढरी होते. पुष्कळांना वाटतं आपला चष्म्याचा नंबर वाढला! म्हणून आतली काच मी बाहेरच्यापेक्षा जास्त मनापासून पुसते. एक किंचित ओलं फडकं, लगेच दुसरं कोरडं. आतून उभे हात मारायचे, बाहेरून आडवे. मग पुसल्याचा फराटा राहिला तर तो कुठल्या बाजूला आहे हे लगेच कळतं.

काचेला फिल्म लावलेली असेल तर अमोनिया असलेलं काच-क्लीनर नको. फिल्म कडेने सुटते, तिला फुगे येतात, रंग उडतो. बाटलीमागे घटक वाचा.

मागच्या काचेवर डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून धुकं घालवणाऱ्या, बारीक आडव्या रेषा असतात. त्या रेषांच्या दिशेनेच पुसायचं. चिकटलेला स्टिकर ब्लेडने खरवडायचा मोह आवरा, एक रेष तुटली की तेवढी पट्टी कायमची धुक्यात राहते. आणि आरशामागे कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असेल तर त्याच्या भिंगाला हात लावू नका, त्यावर फवारा तर नकोच. लेन सांभाळणं, आपोआप ब्रेक लागणं हे त्या कॅमेऱ्याच्या नजरेवर चालतं.

पाऊलवाट

टचस्क्रीनवर घरातलं काच पुसायचं स्प्रे चालतं का? दिसायला काचच आहे म्हणून विचारतोय.

निळी छत्री

@पाऊलवाट, नको. स्क्रीनवर चमक कमी करणारा आणि बोटांचे ठसे न उमटू देणारा पातळ थर असतो. अमोनिया आणि कडक द्रव्यांनी तो डागाडागाने निघतो आणि परत लावता येत नाही. स्क्रीन बंद करा, थंड होऊ द्या, कोरडं मायक्रोफायबर हलक्या हाताने फिरवा. चिकट असेल तर फडक्याचं टोक पाण्यात किंचित ओलं करा. स्पीडोमीटरवरचं पारदर्शक झाकण काचेचं नसून प्लास्टिकचं असतं. त्यावर अमोनिया किंवा ॲसिटोन गेलं तर ते धुरकट होतं, त्यात बारीक तडे जातात. टिश्यू पेपरनेसुद्धा त्यावर चरे पडतात.

सुईदोरा

गाड्यांच्या सीट शिवणं आणि दुरुस्त करणं हा माझा रोजचा धंदा आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी बेल्ट. बेल्टचं विणकाम पॉलिस्टरचं असतं आणि सगळी ताकद त्या धाग्यांत असते. घामाचा आणि मळाचा थर बसला की बेल्ट जड होतो, पूर्ण मागे गुंडाळला जात नाही, अंगावर सैल राहतो. सैल बेल्ट धडकेच्या वेळी उशिरा धरतो. म्हणून तो साफ ठेवणं गरजेचंच आहे. पण ब्लीच, रंग, डाग काढायची कडक पावडर, आम्ल यातलं काहीही त्याला लावायचं नाही. धागा आतून कमजोर होतो आणि वरून बेल्ट नव्यासारखा दिसतो, हाच यातला धोका आहे.

करायचं असं. बेल्ट हळूहळू संपूर्ण बाहेर ओढा. जिथून तो बाहेर येतो तिथे पकड-चिमटा लावा म्हणजे परत आत जाणार नाही. कोमट पाण्यात सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि विणीच्या लांबीच्या दिशेनेच ब्रश फिरवायचा. खांद्याजवळच्या भागावर फेस करडा होताना दिसेल, जिथे माणसाची मान घासते तिथला तर काळपट. तो फेस ओल्या फडक्याने टिपून घ्या, पुन्हा साध्या पाण्याचं फडकं फिरवा. मग चिमटा तसाच ठेवून वाऱ्यावर पूर्ण वाळू द्या. रात्रभर लागला तर लागू दे. ओला बेल्ट आत गुंडाळला तर आतल्या यंत्रणेत ओल जाते आणि बुरशी धरते. हेअर ड्रायर किंवा कडक ऊन नको. साफ करताना बेल्ट बोटांमधून सावकाश सरकवून बघा: कडा उसवलीय का, धागे तुटलेत का, कुठे काप आहे का. तसं आढळलं तर साफसफाई थांबवा आणि बेल्ट बदला. बकलच्या खाचेत पाणी किंवा तेल ओतायचं नाही.

आता सीट. पुढच्या सीटच्या बाहेरच्या कडेला छोटं 'एअरबॅग' असं लेबल शिवलेलं दिसलं तर आत बाजूची एअरबॅग आहे. ती शिवण फाडून बाहेर येते. त्यामुळे तिथे फेस मुरवायचा नाही, आणि वाटेल ते सीट कव्हर चढवायचं नाही. त्या बाजूला मोकळी जागा किंवा सुटणारी शिवण असलेलंच कव्हर घ्या. पुढच्या प्रवासी सीटच्या गादीत बऱ्याच गाड्यांत माणूस बसलाय की नाही हे ओळखणारा सेन्सर असतो. गादी चिंब झाली की त्याचा अंदाज चुकू शकतो.

सीटखाली व्हॅक्युम घालताना आधी टॉर्च मारून बघा. तिथे पिवळे कनेक्टर आणि वायरी दिसतील. पिवळा म्हणजे एअरबॅगच्या यंत्रणेचा. त्यांना ओढायचं नाही, बाजूला करायचं नाही, उघडून पुसायचं नाही. सीट काढून सफाई करायची असेल तर ते घरचं काम नव्हे, ज्याला ती यंत्रणा कळते त्यालाच करू द्या.

लेदरबद्दल थोडक्यात: आजच्या बहुतेक गाड्यांतल्या लेदरवर पॉलियुरेथेनचा थर असतो, आपण साफ करतो तो त्या थराला. म्हणून तेल चोळून ते "मुरत" नाही, नुसता चिकटपणा राहतो आणि त्यावर धूळ बसते. सौम्य क्लीनर, मऊ ब्रश, लगेच पुसणं एवढं पुरे. भोकांची लेदर सीट असेल तर द्रव फडक्यावरच घ्या, त्या भोकांखाली पंखा किंवा हीटर असू शकतो.

वळणावरचा

एवढं सगळं कशाला? वाफेचं मशीन आणा, सगळीकडे मारा, जंतू मरतात, साबण नाही, रसायन नाही. मी तेच करतो.

तिसरा गिअर

@वळणावरचा, वाफेला माझा विरोध नाही. रबरी मॅट, प्लास्टिकचे दाराखालचे भाग, कापडी सीटवरचा एखादा हट्टी डाग यासाठी वाफ उत्तम. पण "सगळीकडे" नको. छताचं कापड पातळ फोमवर आणि तो फोम आतल्या पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवलेला असतो. उष्णता आणि ओल मिळाली की गोंद सुटतो आणि कापड डोक्यावर लोंबायला लागतं. छताच्या कडेला पडद्यासारखी उघडणारी एअरबॅगही असते. स्क्रीन, बटणं, लेदर, स्पीकरच्या जाळ्या यांच्यापासूनही वाफ दूर ठेवा.

वळणावरचा

छताचं ठाऊक नव्हतं. तिथे वाफ बंद. मग तिथले डाग कसे काढायचे?

सुईदोरा

छताला जेवढं कमी छेडाल तेवढं बरं. फेसाळ क्लीनरचा फक्त फेस फडक्यावर घ्या आणि डागावर टेकवून उचला. घासू नका. डाग थोडा राहिला तरी चालेल, छत खाली आलं तर अख्खं बदलावं लागतं.

पाणकळा

माझा मुद्दा पाण्याचा. गाडी आतून खराब होते ती बहुतेक वेळा मळाने नाही, ओलीने.

सीटचा फोम आणि गालिच्याखालचा जाड थर पाणी शोषतो आणि सोडत नाही. वरून हात लावला तर कोरडं, खाली बोट दाबलं तर पाणी. ओल २४ ते ४८ तास राहिली की बुरशी धरायला सुरुवात होते. आणि गालिच्याखालूनच वायरिंग जातं, काही गाड्यांत तर तिथे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलही बसवलेले असतात. हिरवट गंज चढलेले कनेक्टर आणि महिन्यांनंतर उद्भवणारे विचित्र बिघाड हे पुष्कळदा अशा "खोल सफाई"चंच फळ असतं. आमच्या ओळखीतल्या एका गाडीत सफाई करणाऱ्यांनी नळीने पाणी मारून गालिचा धुतला होता. आठवड्याने कुबट वास, मग मागची एक खिडकी चालेना. गालिचा उचलला तर खालचा थर अजून ओलाच होता.

म्हणून कापडी सीट साफ करताना फेस जास्त, पाणी कमी. एका वेळी एक भाग घ्या. ओलं-कोरडं दोन्ही ओढणारं व्हॅक्युम मशीन असेल तर लगेच ओढून घ्या. साध्या कोरड्या व्हॅक्युमने पाणी ओढू नका, शॉक लागू शकतो. वायर ओल्या जागेतून नेऊ नका. वाळवताना दरवाजे उघडे ठेवा, पंखा लावा.

आणखी एक. तुम्ही पाणी वापरलेलंच नसताना गालिचा ओला लागला, तर पुसून पुढे जाऊ नका, पाणी कुठून आलं ते शोधा. स्वच्छ, बिनवासाचं पाणी आणि तेही एसी चालवल्यावर वाढत असेल, तर एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबलेली असण्याची शक्यता जास्त. पावसानंतरच ओलं होत असेल तर दाराचं रबर किंवा सनरूफच्या नळ्या बघा. द्रव बुळबुळीत आणि गोडसर वासाचं असेल, काचेवर आतून तेलकट धुकं येत असेल, तर हीटरमधून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, गळतंय. त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं, ते विषारी आहे. मुलांना आणि पाळीव प्राण्यांना लांब ठेवा, हातमोजे घाला आणि गाडी दाखवून घ्या.

पाऊलवाट

+१. एसी लावला की पहिली दोन मिनिटं कुबट वास येतो, त्यावर काही?

पाणकळा

आधी केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, बघा. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो आणि साधारण १५,००० किलोमीटरच्या आसपास बदलायला सांगितलेला असतो, धुळीच्या रस्त्यांवर त्याहून लवकर. तरीही वास राहिला तर आतल्या थंड कॉइलवर ओलीमुळे बुरशी आहे. मुक्कामाला पोचायच्या काही मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, कॉइल वाळते. सुगंधी स्प्रे मारून वास फक्त झाकला जातो, बुरशी तिथेच राहते आणि आपण ती श्वासातून घेत राहतो.

मोरचूद

रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून एवढंच बजावतो: गाडीची केबिन ही लहानशी बंद पेटी आहे. घराच्या खोलीत जे चालून जातं ते इथे चालत नाही.

ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन. दोन्ही फुप्फुसांना जाळतात. कुणी मुद्दाम मिसळत नाही, पण काल सीटवर एक द्रव्य मुरवलं आणि आज त्यावर दुसरं ओतलं की तेच घडतं. एका डागासाठी एकच द्रव्य. दुसरं वापरायचं तर आधीचं पाण्याने पूर्ण टिपून काढा आणि जागा वाळू द्या. खरं तर ब्लीच गाडीत आणूच नये.

ॲसिटोन, थिनर, पेट्रोल यांनी डाग काढायचा विचारही करू नका. प्लास्टिक विरघळतं, आणि वाफ पेट घेते. ७० टक्के अल्कोहोलसुद्धा साध्या खोलीच्या तापमानाला पेटण्याइतकी वाफ सोडतं. दाराच्या मुठी पुसायला थोडं वापरलं तर हरकत नाही, पण बंद गाडीत फवारायचं नाही, जवळपास सिगारेट नाही, लायटर नाही. सॅनिटायझर हाताला लावलात तर हात वाळू द्या आणि मग स्टीअरिंग धरा, नाहीतर लेदरचा थर चिकट होऊन सोलला जातो.

स्प्रेचे डबे काम झालं की गाडीबाहेर. बहुतेक डब्यांवर ५० अंशांपेक्षा जास्त उष्णतेत ठेवू नका असं छापलेलं असतं, आणि उन्हात उभी असलेली बंद गाडी तेवढी सहज तापते.

आणि कुणी सीट वाळवायला बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हीटर लावत असेल तर आजपासून थांबा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. गॅरेजचं दार थोडं उघडं ठेवून भागत नाही. गाडी बाहेर काढा.

आजीचा नातू

ओझोन मशीनबद्दल काय मत? वास पूर्ण जातो असं ऐकलंय.

मोरचूद

वास बऱ्यापैकी जातो हे खरं. पण ओझोन श्वसनमार्गाला घातक आहे आणि रबर, काही कापडं यांनाही तो जुनं करतो. चालू असताना गाडीत माणूस, प्राणी, झाड काहीच नको, आणि नंतर सगळे दरवाजे उघडून भरपूर हवा खेळवायची. मुळात वासाचं कारण काढल्याशिवाय ओझोन वापरण्यात अर्थ नाही.

सायली_आई

बाळाच्या सीटवर दूध सांडून आंबलंय. पट्टे काढून वॉशिंग मशीनमध्ये टाकू का? गाडीच्या सीटवरही थोडं झिरपलंय.

सुईदोरा

ताई, पट्टे मशीनमध्ये नको. भिजवूनही ठेवू नका. वर बेल्टबद्दल लिहिलं तेच इथे, किंबहुना जास्तच लागू. सौम्य साबणाच्या पाण्याचं फडकं, मग साधं पाणी, मग वाऱ्यावर वाळवणं. बकलला तेल किंवा वंगण लावू नका. कापडी कव्हर निघत असेल तर त्यावरच्या लेबलप्रमाणे धुवा. सुटं करण्याआधी पट्टे कुठून कसे ओवलेत त्याचे फोटो काढून ठेवा, आणि परत बसवल्यावर पट्ट्याला पीळ पडलेला नाही, सीट गाडीत पक्की बसलीय हे पुस्तिका समोर ठेवून तपासा.

गाडीच्या सीटवर गरम पाणी घालू नका. दूध, रक्त, उलटी यातली प्रथिनं गरम पाण्याने धाग्याला पक्की धरतात. थंड पाणी आणि एन्झाइमचं क्लीनर. ते पुसायची घाई करू नका, बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ ओलं राहू द्या, मग टिपा.

सायली_आई

फोटोचं लक्षातच आलं नसतं. धन्यवाद दादा.

कुंपण

माझी गाडी बरेच महिने उभी होती. ग्लोव्हबॉक्समध्ये आणि मागच्या सीटखाली उंदरांच्या लेंड्या आणि कापसाचं घरटं सापडलं. व्हॅक्युम मारून घेऊ ना?

पांढरा एप्रन

थांबा, व्हॅक्युम नको, झाडूही नको. मी रुग्णालयात काम करते. उंदरांच्या लघवी-विष्ठेतून हंटा विषाणू पसरू शकतो, आणि तो पसरतो तो वाळलेला कण हवेत उडून श्वासात गेला की. कोरडं झाडणं म्हणजे तेच घडवून आणणं.

सगळे दरवाजे आणि डिकी उघडून किमान अर्धा तास लांब राहा. रबरी हातमोजे आणि एन९५ मास्क घाला. लेंड्या आणि घरटं जंतुनाशकाने चिंब ओलं करा, पाच मिनिटं तसंच राहू द्या, मग कागदी टिपकागदाने उचलून दुहेरी पिशवीत बांधा. मग ती जागा पुन्हा जंतुनाशकाने पुसा. मोरचूद यांनी ब्लीच नको म्हटलंय ते गाडीच्या कापडासाठी योग्यच आहे. इथे कापडावर चालणारं, लेबलवर तसं लिहिलेलं जंतुनाशक घ्या. मोजे काढायच्या आधी मोज्यांसकट हात धुवा, काढल्यावर पुन्हा साबणाने. केबिन फिल्टर बदला, तिथे घरटं असण्याची दाट शक्यता असते. पुढच्या काही आठवड्यांत ताप, अंगदुखी, दम लागणं असं काही झालं तर डॉक्टरांना उंदरांच्या संपर्काचं आवर्जून सांगा.

आणि गाडी सुरू करायच्या आधी वायरी कुरतडल्यात का ते तपासून घ्या.

तिसरा गिअर

हा प्रतिसाद फार मोलाचा. मॅटबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. धुतलेली मॅट पूर्ण वाळल्याशिवाय टाकू नका, चालकाच्या बाजूची मॅट खालच्या हुकांत अडकवाच, आणि एका मॅटवर दुसरी टाकू नका. २००९ मध्ये टोयोटाने अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्यांसाठी मॅटबद्दल इशारा आणि रिकॉल (दोष काढायला गाड्या परत बोलावणं) जाहीर केला होता. मॅट सरकून ॲक्सिलरेटरचं पेडल तिच्यात अडकण्याचा धोका हे त्याचं कारण. मॅट बसवल्यावर इंजिन बंद ठेवून तीनही पेडल हाताने पूर्ण खाली दाबून बघा, कुठे अडकत नाहीत ना.

हायब्रिडवाल्यांसाठी: काही गाड्यांत मागच्या सीटजवळ बॅटरी थंड ठेवणाऱ्या हवेची जाळी असते. ती कोरड्या ब्रशने साफ ठेवा, पाणी जाऊ देऊ नका, सामानाने झाकू नका. नारिंगी वायर दिसली तर ती उच्च दाबाच्या विजेची, तिला हात नाही.

वळणावरचा

हे सगळं वाचून आज सीटखाली टॉर्च मारून बघितलं, पिवळे कनेक्टर दिसले. पण शेजाऱ्यांनी मागच्या आठवड्यात व्हॅक्युम मारल्यापासून त्यांच्या गाडीत एअरबॅगचा लाल दिवा जातच नाही. कनेक्टर दाबून बसवला तर जाईल का?

सुईदोरा

त्यांना सांगा, हात लावू नका. दिवा लागलेला असताना धडकेच्या वेळी एअरबॅग उघडेलच याची खात्री नसते. कनेक्टर ढिला झाला असेल हे शक्य आहे, पण बॅटरी जोडलेली असताना तो काढायचा-घालायचा नसतो. बॅटरी सोडल्यावरसुद्धा यंत्रणेतला साठलेला विद्युतभार उतरायला थोडा वेळ द्यावा लागतो, किती ते गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत असतं. आणि कनेक्टर नीट बसला तरी नोंदलेला दोष बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावूनच पुसावा लागतो. कार्यशाळेत दाखवा, आणि तिथे "सीटखाली व्हॅक्युम मारल्यापासून" हे नक्की सांगा, त्यांचा शोधायचा वेळ वाचेल. तोवर शक्य असेल तर त्या बाजूच्या सीटवर कुणाला बसवू नका, आणि बेल्ट सगळ्यांनी लावा.

वळणावरचा

सांगतो. ते उद्याच नेतील गाडी.